पाहुणा कोण, यजमान कोण?

एका शब्दापाशी मी जवळजवळ दोन महिने अडून बसलो होतो.

आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाची एक कथा मराठीत आणायचं मनात होतं. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहातली ही कथा. वाक्यं छोटी, शब्द रोजच्या वापरातले; त्यामुळे मजकूर फारसा त्रास न देता मराठीत उतरला. नायकाच्या नावानं थोडी पंचाईत केली खरी. तो एक शाळामास्तर आहे आणि त्याचं नाव 'दारू'! ते तसंच ठेवलं तर मराठी वाचक पहिल्याच परिच्छेदात गालातल्या गालात हसणार आणि पुढच्या गंभीर प्रसंगांतही त्याला बाटलीच दिसत राहणार. ती अडचण 'मास्तर' म्हणून निभावून नेता आली. घोडं पेंड खात होतं ते शीर्षकापाशी.

मूळ शीर्षक एका शब्दाचं आहे. त्याच्या मागचं उपपद सोडून दिलं की उरतो 'ओत' हा शब्द. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ दिला होता : यजमान. आणि लगेच दुसरा अर्थ : पाहुणा.

म्हणजे दार उघडणाराही ओत आणि दारात उभा असलेलाही ओत.

कथा अशी. फ्रेंचांच्या ताब्यातला अल्जीरिया. ओसाड पठारावर एक एकुलती शाळा, बर्फ पडल्यामुळे मुलं आलेली नाहीत. मास्तर एकटाच आहे. एक घोडेस्वार शिपाई एका अरबाला हात बांधून चालवत आणतो. या अरबानं आपल्या चुलतभावाचा खून केलेला आहे. 'आजची रात्र याला ठेवून घे आणि उद्या पुढच्या गावी पोलिसांच्या हवाली कर' असं सांगून शिपाई निघून जातो. मास्तर अरबाचे हात सोडतो, त्याला चहा देतो, खायला घालतो, स्वतःच्याच खोलीत त्याच्यासाठी खाट मांडतो. सकाळी त्याला टेकडीवर नेऊन खजूर, पाव, साखर आणि थोडे पैसे देतो आणि दोन वाटा दाखवतो. एक तुरुंगाकडची, एक त्याला आसरा देणाऱ्या भटक्या टोळ्यांकडची. मास्तर परत फिरतो. थोड्या वेळानं वळून पाहतो तो अरब तुरुंगाच्या वाटेनं निघालेला. शाळेत येतो तर फळ्यावर कुणीतरी खडूनं धमकी लिहून ठेवलेली : आमच्या भावाला तू पकडून दिलंस, याची किंमत मोजशील.

आता सांगा, यातला पाहुणा कोण? वरवर पाहिलं तर अरब. पण जमीन कुणाची? मास्तर तिथेच जन्मला असला तरी तो राज्यकर्त्यांच्या जातीचा. फळ्यावर लिहिणाऱ्यांच्या मते उपरा तोच. काम्यू स्वतः १९१३ साली अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच. १९५४ साली तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा दोन्हीकडून त्याची ओढाताण झाली. त्यानं हा दुतोंडी शब्द काही गंमत म्हणून वापरलेला नाही.

इंग्रजी अनुवादकानं १९५८ साली 'गेस्ट' म्हणून मोकळं होणं पसंत केलं, म्हणजे निम्मं शीर्षक गाळलं. मराठीत मला 'यजमान' म्हणून पाहावंसं वाटलं, तर घरातून आवाज आला, "कुणाचे यजमान?" खरंच की. आपल्याकडे यजमान म्हणजे मूळचा यज्ञ करणारा. पण बायका तो शब्द नवऱ्यासाठी वापरतात. कथेचं नाव 'यजमान' ठेवलं असतं तर ती कुठल्याशा महिला विशेषांकातली विनोदी कथा वाटली असती. शेवटी अनुवाद बाजूला ठेवून मी त्या शब्दाच्याच मागे लागलो, आणि तो मला बरंच फिरवून आणता झाला.

फ्रेंचमध्ये या शब्दाचं व्याकरणही मोठं मासलेवाईक आहे. पुरुष असेल तर यजमान आणि पाहुणा दोघंही 'ओत'. बाई असेल तर मात्र भाषा एकदम काटेकोर होते. यजमानीण ती 'ओतेस', आपली हवाईसुंदरी तीच. पाहुणी बाई मात्र 'ओत'च राहते, फक्त उपपद स्त्रीलिंगी लागतं. जणू घर सांभाळणारी कोण आणि आलेली कोण, हा घोटाळा बाईच्या बाबतीत होऊन चालणार नाही! शेजारच्या इटलीत हाच शब्द 'ओस्पिते' झाला आणि तिथेही तो दोन्ही अर्थांनी चालतो. इटालियन अनुवादकाला काम्यूच्या शीर्षकापाशी माझ्यासारखं अडून बसायचं कारणच नाही. स्पेनमध्ये तो 'वेस्पेद' होऊन बहुतेक पाहुण्याच्याच बाजूला झुकला.

या सगळ्यांचं माहेर लॅटिन 'होस्पेस'. भाषाशास्त्रज्ञांनी हा शब्द उकलला तेव्हा त्यात दोन तुकडे सापडले. पुढचा तुकडा 'होस्ति' आणि मागचा 'पोतिस', म्हणजे धनी. हा मागचा तुकडा आपल्या ओळखीचा आहे : संस्कृतमधला 'पति'. गृहपती, सेनापती, तसा हा पाहुण्यांचा पती. (घरातून आलेला तो प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता तर!)

पण पुढच्या 'होस्ति'पाशी गोष्ट अवघड होते. कारण लॅटिनमध्ये 'होस्तिस' हा शब्द स्वतंत्रपणेही आहे आणि त्याचा अर्थ आहे शत्रू. इंग्रजीत 'होस्टाइल' म्हणतात ते त्यातूनच. इंग्रजी 'होस्ट' म्हणजे यजमान, आणि जुन्या इंग्रजीत 'होस्ट' म्हणजे चाल करून आलेलं सैन्यही. एक होस्पेसच्या घरचा, दुसरा होस्तिसच्या. रुमानियन भाषेत तर दोघे शेजारी शेजारी नांदतात : 'वास्पेते' म्हणजे पाहुणा, 'वास्ते' म्हणजे फौज.

शत्रूचा आणि पाहुण्याचा शब्द एक कसा? याचं आश्चर्य आपल्यालाच वाटतं असं नाही, ते सिसरोलाही वाटलं होतं. इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात तो सांगतो की, आपण आज ज्याला परदेशी म्हणतो त्याला आपले पूर्वज 'होस्तिस' म्हणत. दाखला म्हणून तो रोमच्या अतिजुन्या 'बारा पाट्यां'च्या कायद्यातली कलमं पुढे करतो. हा कायदा इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमाराचा. सिसरोचं म्हणणं असं की, पूर्वजांनी वैऱ्यालाही सौम्य नाव दिलं होतं. पुढे काळानं त्या नावाला धार आणली. म्हणजे आधी तो शब्द नुसता बाहेरून आलेल्या माणसाचा होता. पुढे रोम वाढत गेलं, बाहेरून येणाऱ्यांपेक्षा बाहेर जाऊन जिंकणं वाढलं, आणि शब्द कडू झाला.

एमिल बेनवेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात या शब्दाचा फार सुरेख माग काढला आहे. त्याच्या मते होस्तिस म्हणजे कुणीही परका नव्हे, तर ज्याच्याशी देण्याघेण्याचा करार आहे असा परका. आज मी तुला जेवू घालीन, उद्या तुझ्या गावी आलो की तू मला घालायचंस. आपल्या आहेराच्या वहीसारखंच हे. रोमन घराणी असा संबंध जोडताना एक खूण बनवत, एकमेकांत बसणारे दोन भाग, आणि प्रत्येकानं आपला जपून ठेवायचा. पुढे नातवंडं भेटली तरी तुकडे जुळवून पाहायचे. प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या एका प्रहसनात कार्थेजचा म्हातारा हान्नो अशीच खूण काढून दाखवतो आणि क्षणात अनोळखी माणसाच्या घरचा होतो. कार्थेज म्हणजे रोमचा हाडवैरी, हे लक्षात घ्या. नाटक बघणाऱ्यांत हॅनिबलशी लढलेलेही लोक असणार.

या होस्पेसच्या वंशात हॉटेल आहे, होस्टेल आहे, आणि हॉस्पिटलही आहे. वाटसरूंना, आजाऱ्यांना आसरा द्यायची जागा हा हॉस्पिटलचा मूळ अर्थ. औषधोपचार नंतर आले. हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्याही आधी पोहोचला असावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात मोठं हॉस्पिटल चालवलं, आणि आपल्या आजीच्या तोंडचं 'इस्पितळ' त्यांच्याकडूनच आलं असं मानतात. इस्पितळ आणि होस्टाइल चुलतभावंडं आहेत, हे एकदा कळल्यावर मला काही खासगी इस्पितळांची बिलं अधिक चांगली समजू लागली. असो.

लॅटिनचा 'ह' जर्मन कुळात 'ग' होऊन दिसतो, कारण दोघांच्याही मुळाशी 'घ'सारखा उच्चार होता. म्हणून तिकडे होस्तिसचा सख्खा भाऊ आहे 'गास्ट', म्हणजे पाहुणा. इंग्रजी 'गेस्ट' तोच. हा शब्द किती जुना? डेन्मार्कमध्ये गॅलेहुस इथे १७३४ साली एका शेतकऱ्याला सोन्याचं एक शिंग सापडलं. त्यावर रूनिक लिपीत एक ओळ होती. ते शिंग घडवणाऱ्याचं नाव तीत आहे : 'ह्लेवागास्तिझ'. इसवी सन ४००च्या आसपासचं हे लेखन. नावाच्या शेवटी 'गास्तिझ' आहे, म्हणजे हाच पाहुणा, आणि शेवटचा 'झ' म्हणजे लॅटिनमधला 'होस्तिस'चा 'स', संस्कृतमधला 'हरिः', 'कविः' यांचा विसर्ग. ते शिंग आज नाही. १८०२ साली एका सोनारानं ते राजसंग्रहातून चोरून वितळवलं. ओळ तेवढी आधीच उतरवून घेतलेली होती म्हणून वाचली.

त्या 'इझ'मधला 'इ' जर्मनमध्ये कसा लपून बसला आहे ते पाहण्यासारखं आहे. एक पाहुणा 'गास्ट', अनेक पाहुणे 'गेस्टे'. जर्मन शिकताना हे अनेकवचन सगळे घोकतात. आ-चा ए का झाला, ते कुणी विचारत नाही. जुन्या जर्मनमध्ये अनेकवचनाच्या शेवटी 'इ' होता. जीभ त्या 'इ'च्या तयारीला आधीच लागायची आणि त्या नादात 'गा'चा 'गे' व्हायचा. पुढे शेवटचा 'इ' झिजला, पण त्यानं केलेला बदल राहिला; आज जर्मन लोक अक्षरावर दोन टिंबं देऊन तो दाखवतात. पाहुणा निघून जावा आणि दाराशी त्याच्या चपलांचा ठसा राहावा, तशी ती दोन टिंबं. स्त्रीलिंगाचं मात्र तिथेही त्रांगडं आहे. बाई आली तरी ती पुल्लिंगी 'गास्ट'च. 'गेस्टिन' असं जुनं रूप आहे, अलीकडे ते पुन्हा पुढे आलं आहे, पण पुष्कळ जर्मनांच्या कानाला ते टोचतं.

याच शब्दाला विसाव्या शतकात जर्मनीनं एक शेपूट जोडलं : 'गास्टआर्बाइटर', पाहुणा कामगार. युद्धानंतर कारखाने उभे राहिले, हात कमी पडू लागले. १९५५ साली इटलीशी करार झाला, १९६१ साली तुर्कस्तानशी. स्पेन, ग्रीस, पोर्तुगाल, युगोस्लाव्हियाही त्यात आले. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर दहा लाखावा पाहुणा उतरला. आर्मांदो रोद्रिगेस द सा, पोर्तुगालचा सुतार. ध्वनिक्षेपकावर आपलं नाव ऐकून हा माणूस घाबरला. आपल्याला परत पाठवतात की काय, असं त्याला वाटलं म्हणे. प्रत्यक्षात बँड वाजला, फुलं मिळाली आणि दोन जणांना बसता येईल अशी मोपेड भेट मिळाली. तो फोटो जर्मनीत घरोघर माहीत आहे. मोपेड बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. फोटोच्या पुढची गोष्ट कमी जणांना माहीत असते. काही वर्षांनी तो आजारी पडून मायदेशी राहिला. जर्मन आजारविम्यातून आपल्याला पैसे मिळू शकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साठवलेली पुंजी उपचारांत गेली, आणि १९७९ साली तो कर्करोगानं वारला.

'पाहुणा कामगार' या जोडशब्दात एक मखलाशी आहे. पाहुण्याला कुणी कामाला लावत नाही, आणि कामगाराला कुणी 'आता कधी निघणार' म्हणून विचारत नाही. इथे दोन्ही झालं. १९७३ साली भरती बंद झाली. बहुतेक जण परतले, पण लक्षावधी राहिले. मुलं झाली, ती मुलं जर्मनच बोलू लागली, आणि तरी कायद्यानं त्यांतली बहुसंख्य परकीच. परकी आईबापं असलेल्या मुलाला काही अटींवर जन्मानंच नागरिकत्व देणारा कायदा १ जानेवारी २००० रोजी लागू झाला. पहिल्या करारापासून मोजली तर तब्बल ४४ वर्षं.

पॉल थीमे नावाच्या जर्मन पंडितानं १९३८ साली लाइपझिगला एक पुस्तक प्रसिद्ध केलं, ऋग्वेदातल्या 'अरि' या शब्दावर. 'अरि' म्हणजे शत्रू हे आपल्याला 'मुरारि'मुळे पाठ आहे. पण ऋग्वेदात काही ठिकाणी हा अरि चक्क आपला माणूस वाटावा असा येतो. थीमेचं म्हणणं, अरि म्हणजे मुळात परका. तो पाहुणा ठरेल किंवा वैरी, ते पुढचं. आणि त्याच्याच पुढचं पाऊल असं की, 'आर्य' शब्दही यातूनच निघाला, त्याचा अर्थ परक्याला आसरा देणारा. सगळे विद्वान हे मानत नाहीत. पण साल बघा, देश बघा. 'आर्य' या शब्दाच्या नावानं जिथे माणसांना घराबाहेर काढणं चाललं होतं, तिथे एक माणूस व्याकरणाच्या आधारानं लिहीत होता की आर्य म्हणजे पाहुणचार करणारा.

रशियनमध्ये हा शब्द 'गोस्त' आहे. तिथे तो बराच काळ फिरत्या व्यापाऱ्याचं नाव होता. सेंट पीटर्सबर्गची जुनी बाजारपेठ अजून 'गोस्तिनी द्वोर' म्हणवते. रिम्स्की-कॉर्साकोव्हच्या १८९८ साली रंगमंचावर आलेल्या 'सादको' या ऑपेरात एक 'हिंदी गोस्त' येऊन आपल्या देशाचं गाणं म्हणतो, तो हिंदी व्यापारीच. रशियन माणूस कुणाकडे भेटीला जातो तेव्हा तो 'पाहुण्यांत' जातो आणि परत येतो तो 'पाहुण्यांतून'. या 'पाहुण्यांत जाण्या'तलं रूप आजच्या व्याकरणाच्या नियमात बसत नाही. सजीवांच्या द्वितीयेचं अनेकवचन एरवी षष्ठीसारखं होतं. इथे मात्र फार जुनं रूप तसंच टिकून आहे. रोज लागणाऱ्या भांड्याला कल्हई करायला वेळ मिळत नाही, तशातला प्रकार.

या शब्दाचा एक गोस्त आपल्याकडेही येऊन गेला. त्वेर शहरचा अफानासी निकितिन, १४७०च्या आसपास, होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पुढे जुन्नरला पोहोचला. पावसाळ्याचे दोन महिने त्यानं तिथेच काढले. आपल्या टिपणांत तो लिहितो की, हिंदच्या मुलखात गोस्त धर्मशाळेसारख्या जागी उतरतात आणि तिथल्या मालकिणी त्यांना रांधून घालतात. पण त्याच जुन्नरात तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा; विचार करायला चार दिवस. खुरासानच्या एका भल्या अधिकाऱ्यानं रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही. एकाच गावात, एकाच पावसाळ्यात, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या बिचाऱ्यानं पाहिले. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

आता पुन्हा माझ्या वहीकडे. मराठीत असा शब्द आहे का? 'अतिथी' पुस्तकी. 'पाहुणा' मूळचा 'प्राघुण', भटकत आलेला. पण शहरात तो आता श्रीखंडाच्या वाटीशी बांधलेला आहे. राहता राहिली खेड्यातली 'पाव्हणं' ही हाक. ती नातलगालाही मारतात आणि पूर्ण अनोळखी माणसालाही.

ती हाक मी एकदा फार जवळून ऐकली आहे. एका आडगावी कामाला गेलो होतो. परतीची एसटी चुकली. तिथले एक तरुण शिक्षक मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. ऊन मी म्हणत होतं. वाटेत एका घराच्या ओट्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी हाक दिली, "पाव्हणं, सावलीला या की! पानी तरी घ्या." मी वळलो. शिक्षक पायरीपाशीच थांबले. बाबांनी तांब्या पुढे केला, गूळ दिला, कुठून आलो ते विचारलं. मग सहज, काही वाईट मनात नसताना, त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनायचं?" मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं. आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी ताट करायला सांगितलं, आणि पायरीकडे पाहून विचारलं, "आन् तुमचं?"

"मला उशीर होतोय," शिक्षक म्हणाले. "सर, तुम्ही जेवून घ्या. फाटा सरळच आहे." आणि ते आल्या वाटेनं निघाले. पाण्यालाही शिवले नव्हते. मी जेवलो. पिठलं होतं, हिरव्या मिरचीचा ठेचा होता, आग्रह होता. ते का गेले हे मला फाट्यावर पोहोचेपर्यंत उमगलं नाही, हे लिहिताना लाज वाटते.

वहीत शीर्षकाच्या जागी मी शिसपेन्सिलीनं 'पाव्हणं' असं लिहून ठेवलं आहे. ते अजून पक्कं केलेलं नाही. बाबांची ती हाक एकट्या मला होती की आम्हां दोघांना, ते त्या रूपावरून सांगता येत नाही. मराठीत मान द्यायचं अनेकवचन आणि खरोखरचं अनेकवचन दिसायला सारखंच असतं.